थेन लिन : कैद्याच्या कपड्यावर चित्रं काढणारा माणूस

रेघोट्या

नावापासून सुरू करते. इंग्रजी स्पेलिंगमध्ये एच आधी आणि टी नंतर येतो, म्हणून बरेच जण 'हतेन' वाचतात. तो आपला थंडीतला थ. थेन लिन. जन्म १९६६, ब्रह्मदेशात इरावतीच्या त्रिभुज प्रदेशातल्या मेझलिगोन गावचा. रंगून विद्यापीठात आला तो कायदा शिकायला.

१९८७च्या सप्टेंबरात तिथल्या राजवटीने २५, ३५ आणि ७५ क्याटच्या नोटा एका फटक्यात रद्द केल्या. बदलूनही दिल्या नाहीत. घरात साठवलेले पैसे म्हणजे रद्दी. पुढच्या वर्षी ८ ऑगस्टला, तारीख मुद्दाम निवडलेली, ८-८-८८, विद्यार्थी आणि मागोमाग अख्खं शहर रस्त्यावर आलं. सप्टेंबरात लष्कराने सत्ता हातात घेतली आणि गोळ्या घातल्या. हजारो पोरं सीमेकडे पळाली. काही थायलंडकडे, काही आपल्याकडे. थेन लिन मणिपूरच्या बाजूला निर्वासितांच्या छावणीत आला, आणि चित्रकलेचे पहिले धडे त्याने तिथे गिरवले. शिकवणारा सित न्येन ए, मंडालेचा चित्रकार, तोही पळून आलेला. म्हणजे या माणसाची चित्रकलेची शाळा भारताच्या सीमेवरची निर्वासितांची छावणी. मी उपयोजित कलेची पाच वर्षं फी भरून काढली, म्हणून हे वाचताना जरा ओशाळले.

पुढचा भाग सांगताना लोक गडबडीने पुढे जातात. मी थांबणार आहे. मणिपूरहून तो काचिन प्रांतात, चीनच्या सीमेजवळ, विद्यार्थ्यांच्या सशस्त्र संघटनेच्या तळावर गेला. तिथे १९९१च्या सुमारास आपल्यातच लष्कराचे हेर घुसलेत असा संशय पसरला आणि विद्यार्थ्यांनी विद्यार्थ्यांना धरलं. मारहाण, छळ, जबरदस्तीचे कबुलीजबाब. १२ फेब्रुवारी १९९२ या एका दिवशी पंधरा जणांना ठार केलं. थेन लिन धरलेल्यांमध्ये होता. तो निसटला. त्याचा पहिला तुरुंग असा स्वतःच्या साथीदारांनी बांधलेला होता, हे डोक्यात ठेवून पुढचं वाचा.

रंगूनला परत येऊन त्याने कायद्याची पदवी पुरी केली, सिनेमात विनोदी कामं केली, आणि १९९६च्या आसपास परफॉर्मन्स आर्ट करू लागला. चित्रकाराने स्वतःचं शरीर घेऊन लोकांसमोर काहीतरी करून दाखवायचं, हा प्रकार तेव्हा तिथे जवळपास नवाच होता.

१९९८ साली अटक झाली. जुन्या साथीदाराच्या एका पत्रात त्याचं नाव आलं, ठपका विरोधी चळवळीचा, शिक्षा सात वर्षं. मंडाले, म्याँगम्या असे तुरुंग फिरून तो नोव्हेंबर २००४मध्ये सुटला. या साडेसहा वर्षांत त्याने कैद्यांच्या सुती कपड्यांवर सुमारे तीनशे चित्रं केली, शिवाय कागदावर शेकडो रेखाटनं. रंग ओळखीचे वॉर्डर चोरून आणत. ब्रश नव्हता, म्हणून हाताला लागेल ते : सिगारेट लायटरचं चाक, इंजेक्शनची सिरिंज, साबण, काचेचा तुकडा, बोटं. कापड इतर कैदी स्वतःच्या अंगावरचं द्यायचे. या सगळ्या संचाला त्याने नाव दिलं '०००२३५'. तुरुंगाच्या रजिस्टरातला वाटतो, पण तो रेड क्रॉसने त्याच्या नावापुढे टाकलेला नंबर आहे. रेड क्रॉसच्या यादीत नाव लागणं म्हणजे 'हा माणूस आत आहे हे बाहेर कुणाला तरी माहीत आहे' याची पावती. सही म्हणून तोच आकडा घ्यायचा, हे मला फार हुशारीचं वाटतं.

आता माझा उपद्व्याप. भंगारात द्यायला काढलेल्या सामानात फोटोफ्रेमची एक काच होती. म्हटलं, त्याच्यासारखा ठसा येतो का बघू. काचेवर काळा ॲक्रिलिक फासला, त्यात बोटाने आणि बंद पडलेल्या लायटरच्या दात्यांनी आकृती ओढली आणि वर नवऱ्याचा जुना पंचा दाबला. पहिले चार ठसे निव्वळ डाग. रंग जाड राहिला की माणसाचा चेहरा पसरून मडकं होतं, पातळ केला की सुती कापड तो पिऊन टाकतं आणि उमटतं ते धुकं. शिवाय सगळं उलटं छापलं जातं. आणि मुख्य म्हणजे हे भराभर करावं लागतं, रंग वाळायच्या आत. पाचव्या ठशात पाठ वाकवून बसलेला माणूस आला. मी पंख्याखाली, चहा पीत, कुणी दार ठोठावणार नाही अशा घरात हे करत होते.

२००५मध्ये, सुटून वर्षही झालं नव्हतं, तेव्हा त्याने आणि चो इ थेन या चित्रकर्तीने रंगूनच्या रस्त्यावर 'फिरता बाजार' मांडला. बारीकसारीक वस्तू चलनातून गेलेल्या जुन्या पैशांत विकायच्या. महागाईवर टीका करणारा एक शब्दही न उच्चारता. पाच दिवस दोघांना चौकशीसाठी आत ठेवलं.

२०१३नंतरचं काम आणि २०२२ची अटक यावर कुणाला वाचायचं असेल तर प्रतिसादात लिहीन, बोटं दुखली.

---

वाटाड्या

वाचतोय. लिहा पुढे. सीमेवर मोरेहला दोनदा गेलोय, बाजारात ब्रह्मी चपला आणि छत्र्या घेऊन परत आलो. तिथल्याच आसपास कुणी चित्रकार घडत होता याची कल्पना नव्हती.

---

गोगलगाय

मंडाले म्हटल्यावर टिळक आठवणं भाग आहे. १९०८ ते १९१४. 'गीतारहस्य' तिथेच लिहिलं. त्याच तुरुंगात हा चित्रकार होता का?

---

पेन्सिलीचा तुकडा

गोगलगाय, शहर एक एवढंच म्हणावं. टिळकांचा तुरुंग राजवाड्याभोवतीच्या जुन्या किल्ल्यात होता.

पण तुलना काढलीच आहे तर पुरी करू. टिळकांना शाई मिळत नव्हती, पेन्सिल मिळे. सुटे कागदही नाहीत, पानांवर आकडे टाकलेल्या बांधीव वह्या, म्हणजे एक पान फाडलं तरी कळावं. १९१०-११च्या हिवाळ्यात त्या वह्यांतच पुस्तक लिहून झालं. सुटल्यावर सरकारने वह्या लगेच दिल्या नाहीत, पण शेवटी दिल्या. परदेशी सरकार होतं, दुष्ट होतं, पण कागदाची नोंद ठेवणारं होतं. थेन लिनच्या बाबतीत सरकार त्याच्याच देशाचं आणि नोंद कशाचीच नाही. परवानगीच नव्हती, म्हणून मोजायलाही काही नव्हतं. आणि बहुधा म्हणूनच तीनशे चित्रं बाहेर येऊ शकली.

---

गोगलगाय

धन्यवाद. हा शेवटचा मुद्दा डोक्यात घोळत राहील.

---

मुद्देसूद

सगळं मान्य करून एक अप्रिय प्रश्न विचारतो. ही चित्रं चांगली आहेत की त्यांची गोष्ट चांगली आहे? हीच चित्रं कुणी पुण्यात फ्लॅटच्या गच्चीवर कॅनव्हासवर काढली असती तर रेघोट्यांनी धागा काढला असता का? शिवाय त्याची बायको ब्रिटिश राजदूत होती असं वाचलं. लंडनची दारं कशी उघडली ते समजायला फार अक्कल लागत नाही.

---

रेघोट्या

मुद्देसूद, प्रश्न रास्त आहे. दुसऱ्या भागाचं आधी.

व्हिकी बोमन २००२ ते २००६ तिथे ब्रिटनच्या राजदूत होत्या. थेन लिन सुटला २००४च्या शेवटी. तोवर तीनशेच्या तीनशे चित्रं झालेली होती. ती सांभाळून ठेवायला सुरक्षित जागा हवी होती, त्यातून ओळख, २००६मध्ये लग्न आणि लंडन. २००७मध्ये तिथे एशिया हाऊसला प्रदर्शन झालं. ओळखीचा उपयोग झाला असणारच, आपल्याकडे जहांगीर गॅलरीची तारीख मिळवायला लोक काय काय करतात ते मी जवळून पाहिलंय. पण ओळखीने भिंत मिळते. भिंतीवर लावायचं काम आधी हातात असावं लागतं.

पहिला भाग अवघड. गच्चीवर ही चित्रं निघालीच नसती, कारण गच्चीवर ब्रश असतो. ब्रश नसल्यामुळे त्याच्या हातून लयदार बाह्यरेषा गेली, कॉलेजात आम्ही जिच्यासाठी वर्षभर घासायचो ती. तिच्या जागी ठसा, खरवड, ओघळ आले. कमतरता होती तीच शैली झाली. कलेच्या इतिहासात हे नवीन नाही. पण सगळीच तीनशे सारखी भारी आहेत असं मी म्हणणार नाही. काही नुसती रोजनिशी आहेत. त्यांची किंमत रोजनिशीएवढीच, आणि तीही कमी नाही.

---

मुद्देसूद

'ओळखीने भिंत मिळते' मान्य. बाकीवर विचार करतो. अर्धी माघार.

---

चाफेकळी

अर्धी माघार! या संस्थळावर ही तारीख लिहून ठेवा.

२०१३चं काय ते सांगा ना आता.

---

रेघोट्या

सांगते. लंडनमध्ये सायकलवरून पडून त्याचा हात मोडला. हाडाच्या डॉक्टरने प्लास्टर घातलं. मोडलेली गोष्ट जागेवर बसवायची, गुंडाळायची आणि ती आतून जुळेपर्यंत थांबायचं. त्याला वाटलं, आपल्या देशाचं हेच करायला हवं. २०१३मध्ये तो ब्रह्मदेशात परतला. राजकीय कैदी सुटत होते, वर्तमानपत्रांवरची छापण्याआधीची सेन्सॉरशिप वर्षभरापूर्वी उठली होती, हवा मोकळी वाटत होती. तो माजी राजकीय कैद्यांना गाठायचा आणि प्रत्येकाच्या हाताचा कोपरापासून बोटांपर्यंत प्लास्टरचा साचा घ्यायचा. प्रत्येक हातासोबत नाव आणि किती वर्षं कुठे काढली त्याची नोंद. नाव 'अ शो ऑफ हँड', हात वर करणे. मतदानालाही हात वर करतात आणि शरण येतानाही. चारशेहून जास्त हात झाले.

मला त्यातलं प्लास्टर सुकेपर्यंतचं बसणं आवडतं. कैदी समोर, हात अवघडलेला, उठून जाता येत नाही. मग बोलणं सुरू होतं. ते तो चित्रित करून ठेवायचा.

---

पेणचा मातीकाम

इथे माझा प्रांत आला म्हणून लिहितो. घरी तीन पिढ्यांचा गणपतीचा कारखाना. प्लास्टर पाण्यात कालवलं की काही मिनिटांत घट्ट होतं आणि घट्ट होताना तापतं. जाड थर असला तर चटका बसतो, म्हणून भुकटी कालवून त्यात माणसाचा हात थेट बुडवायचा नाही, लोक हौसेने करतात आणि दवाखाना गाठतात. हाताचा साचा घ्यायचा तर हाडाच्या डॉक्टरकडची पट्टी वापरायची, जाळीदार कापडावर प्लास्टर बसवलेली. ओली करायची आणि गुंडाळायची, थर पातळ राहतो. आधी अंगाला तेल किंवा व्हॅसलीन, नाहीतर केस उपटून येतात.

आणि एक. मूर्तीच्या साच्यात आम्ही बोटं वेगळी करतो, कारण बोट हीच सगळ्यात आधी तुटणारी गोष्ट. चारशे हात वाहतुकीत सांभाळायचे म्हणजे काय, ते भाद्रपदात ट्रक भरणाऱ्याला विचारा.

---

रेघोट्या

मातीकाम, काय माहिती दिलीत! हे कुठल्याही कॅटलॉगमध्ये नाही.

---

आडगावची काकू

मी चित्रातलं काही जाणत नाही, पण तुमचा पंचा वाचून हसले. त्या माणसाने बायकांच्या लुंग्यांवरही काही केलं होतं का? मुलीने पूर्वी काहीतरी दाखवलं होतं.

---

रेघोट्या

हो काकू, बरोबर आठवतंय तुम्हाला. तिकडे बायका कमरेला गुंडाळतात त्या वस्त्राला थमेन म्हणतात. बायकांच्या वाळत घातलेल्या थमेनखालून पुरुष गेला तर त्याचं तेज, पुरुषार्थ कमी होतो अशी पक्की समजूत आहे. तेजाला त्यांचा शब्द 'फोन'. थेन लिनने बायकांकडून त्यांच्या वापरातल्या थमेन मागून आणल्या, त्यांच्यावर चित्रं काढली आणि २०१९च्या सुमारास यांगूनला (म्हणजे आपलं रंगूनच) गॅलरीत टांगली. पुरुष बघ्यांनी त्या कापडासमोर उभं राहायचं.

१ फेब्रुवारी २०२१ला पुन्हा लष्कराने सत्ता घेतली. मार्चमध्ये यांगूनच्या गल्ल्यांत बायकांनी रस्त्यावर आडव्या दोऱ्या बांधून थमेन टांगल्या. सैनिक आणि पोलीस खालून जाईनात. आधी काठीने त्या काढायच्या, मग पुढे. तेवढ्या वेळात पोरं पळून जायची. हे त्याच्या प्रदर्शनामुळे झालं असं नाही, समजूत प्रत्येकीला घरातूनच माहीत होती. त्याने फक्त त्या समजुतीकडे आधी बोट दाखवलं होतं.

---

आडगावची काकू

आमच्याकडे सासूबाई सोवळ्याच्या दोरीवर माझं लुगडं वाळत घालू द्यायच्या नाहीत. आणि अंगणात वाळत असेल तर मामंजी वळसा घालून गोठ्यात जायचे. मला वाटायचं ओला पदर लागू नये म्हणून.

---

चाफेकळी

काकू _/\_

---

वाटाड्या

२०२२ची अटक राहिली.

---

रेघोट्या

ऑगस्ट २०२२, नवरा-बायको दोघांना. कारण ऐका. शान प्रांतात कलाव नावाच्या डोंगरी गावात त्यांचं घर आहे, आणि बोमनबाईंनी नोंदवलेल्या पत्त्याऐवजी तिथे राहताना कळवलं नाही, असा परदेशी नागरिकांच्या कायद्याखाली आरोप. त्याच्यावर तिला मदत केल्याचा. म्हणजे बायकोला स्वतःच्या घरात राहू दिलं हा गुन्हा. २ सप्टेंबरला एकेक वर्षाची शिक्षा, रवानगी यांगूनच्या इन्सीन तुरुंगात. १७ नोव्हेंबरला हजारो कैद्यांना माफी मिळाली त्यात दोघं सुटले. पंचेचाळिशी ओलांडल्यावर त्याने चारशे माजी कैद्यांचे हात बांधले आणि छपन्नाव्या वर्षी स्वतः पुन्हा आत.

---

बजी बजी

धाग्याला जोडून, भारताचा आणखी एक धागा. ब्रह्मदेशाच्या आधुनिक चित्रकलेचा मूळपुरुष म्हणतात तो बजी आँग सो १९५१मध्ये भारत सरकारच्या शिष्यवृत्तीवर शांतिनिकेतनला आला होता. नंदलाल बोस तेव्हा तिथे होते. परत गेल्यावर पोटासाठी मासिकांची चित्रं काढली, आयुष्यभर. गॅलऱ्या नव्हत्या, गिऱ्हाईक नव्हतं, म्हणून मासिकाचं पान हीच त्याची गॅलरी. १९९०मध्ये गेला. (माझ्या आयडीचा उगम कळला असेल. भजीशी संबंध नाही.)

म्हणून थेन लिनला एकदम आकाशातून पडल्यासारखं बघू नये. आधी बजी, मग १९७९ची गंगॉ व्हिलेज ही विद्यापीठातल्या चित्रकारांची मंडळी, मग आँग मिंत, ज्यांनी १९८९मध्ये यांगूनला इन्या गॅलरी काढली. म्हणजे उठाव चिरडल्यानंतरच्या वर्षी, प्रत्येक प्रदर्शन सेन्सॉरला दाखवून पास करून घ्यायच्या दिवसांत. चित्रकार सान मिन तर सत्तरच्या दशकातच तुरुंगात जाऊन आले. तुरुंगाची वाट आधीच मळलेली होती.

---

रेघोट्या

बजी, स्वतंत्र धागा काढा. आग्रह समजा.

---

मुद्देसूद

मी परत आलो. काल रात्री जालावर '०००२३५'मधली काही चित्रं बघितली. गोष्ट बाजूला ठेवून बघायचा प्रयत्न केला, जमला नाही. कापड लपत नाही. पण एक कबूल करतो, मी ज्या चित्रांपाशी थांबलो ती दुःखाची नव्हती, रंगांची होती. तुरुंगातल्या चित्रात इतका रंग असेल असं वाटलं नव्हतं.

---

रेघोट्या

तेच तर. आणि रंग मिळवणं ही सगळ्यात धोक्याची गोष्ट. तो वॉर्डरकडेच मागावा लागत असणार.

---

टेम्सकाठ

२०२५मध्ये बर्मिंगहॅमच्या आयकॉन गॅलरीत त्याचं मोठं प्रदर्शन होतं, 'एस्केप' नावाचं. मी तीन तासांवर राहतो आणि गेलो नाही. त्या शनिवारी मंडळाच्या कार्यक्रमाच्या जेवणाची यादी करत होतो. साठ माणसांची मिसळ. धागा वाचून चरफडतोय.

---

चाफेकळी

मिसळ कशी झाली?

---

टेम्सकाठ

फरसाण कमी पडलं.

---

गोगलगाय

रेघोट्या, वर साबणाचा उल्लेख आहे. साबणाने रंगवायचं कसं?

---

रेघोट्या

साबण हे त्याच्याकडे दोन कामांचं. एक, ठसा घ्यायला : वडीवर आकृती कोरायची, रंग लावायचा, कापडावर दाबायची. दुसरं, नुसतं शिल्प. १९९९च्या सुमारास त्याने साबणाच्या वडीत कोठडीत गुडघे पोटाशी घेऊन बसलेला कैदी कोरला आणि रेड क्रॉसच्या भेटीला आलेल्या माणसाकरवी बाहेर पाठवला. आत कसं ठेवतात ते लिहून पाठवता येत नव्हतं, म्हणून वडी. पुढे २०१६मध्ये सिंगापूर बिएनाले या कलाप्रदर्शनात त्याने तशाच कोरीव वड्या जमिनीवर मांडून ब्रह्मदेशाचा नकाशा केला, 'सोप ब्लॉक्ड'.

काल मीही कपड्याची वडी आणि भाजी सोलायचा चाकू घेऊन बसले. नवी वडी सुरीखाली ढलपे टाकते, गुडघ्याच्या जागी सरळ तुकडाच उडाला. मग मोरीवरची अर्धी झिजलेली, आतून ओलसर वडी घेतली, ती लोण्यासारखी कापली जाते. पाठ, वाकलेली मान, पायांची घडी, सगळं बसलं. पण वडीच्या चौकोनात माणूस मावायला त्याला इतकं दुमडावं लागतं की हात कुठे ठेवायचे हा प्रश्न उरतो. शेवटी हात कोरलेच नाहीत.

फोटो उद्या टाकते, सध्या ती खिडकीत वाळतेय.